पट्टीखालचा लाल रंग

मुनिरक्यात येऊन आठ महिने झाले. ऑफिस आर. के. पुरमच्या वेस्ट ब्लॉकमध्ये, सरकारी क्वार्टरच्या यादीत नंबर अजून बराच खाली. त्यामुळे गावठाणाच्या कडेला दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर घेतलं आहे. फील्डमधून दिल्लीत बदलून येणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते, त्यात नवल नाही.

मुनिरका हे मूळचं टोकस जाटांचं गाव. दिल्ली चहूबाजूंनी वाढत आली, गाव जिथल्या तिथे राहिलं आणि मग वर वर चढत गेलं. आता इथे चार-पाच मजली इमारती एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. समोरच्या बाल्कनीतल्या माणसाने चहावर फुंकर मारली तर आपला चहा गार व्हावा, इतकं अंतर. जेएनयू शेजारीच, म्हणून विद्यार्थी पुष्कळ. मणिपूर-नागालँडची मुलंमुली पुष्कळ. त्यांच्यासाठी बांबूचे कोंब आणि सुकी मासळी विकणारी दुकानं आहेत. तेजपूरला काढलेली दोन वर्षं त्या वासाने परत आठवतात. उन्ह मात्र गल्लीत उतरत नाही. भर दुपारी दिवा लावावा लागतो.

इथलं मेट्रो स्टेशन 2018 साली सुरू झालं. ते मॅजेंटा लाइनवर आहे. रोज त्या किरमिजी पट्ट्याखालून हजारो लोक जातात, पण मॅजेंटा हे एका लढाईचं नाव आहे हे किती जणांना ठाऊक असेल? इटलीत मिलानजवळ मॅजेंटा नावाचं गाव आहे. 4 जून 1859 रोजी तिथे फ्रेंच आणि सार्डिनियाच्या फौजेने ऑस्ट्रियनांचा पराभव केला. त्याच सुमारास व्हर्गँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ॲनिलिनपासून एक भडक किरमिजी रंग तयार केला होता. त्याचं आधीचं नाव फुक्सिन. विजयाच्या उत्साहात त्याला लढाईचं नाव चिकटलं. त्याच्या तीन वर्षं आधी, 1856 मध्ये, लंडनमध्ये 18 वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनीन प्रयोगशाळेत बनवायला बसला होता. क्विनीन झालं नाही, जांभळा रंग हाती लागला. कृत्रिम रंगांचा कारखानदारी धंदा तिथून सुरू झाला.

हे रंग स्वस्त होते, भडक होते, आणि सुरुवातीचे बरेचसे कच्चे होते. आजचा लेख अशाच एका कच्च्या लाल रंगाबद्दल आहे. तो आमच्या घरातल्या गिटारवर होता.

कच्चा रंग आणि पक्का रंग यांतला फरक आपल्याकडे कोणत्याही घरच्या बाईला विचारावा. सदऱ्यावर वरणाचा डाग पडला की आई तो धुऊन उन्हात टाकायची. साबणाने न गेलेली हळद संध्याकाळपर्यंत उन्हाने जायची. उलट तुळशीवृंदावनाला लावलेला गेरू वर्षभर उन्ह खातो. पावसाने धुपेल, पण उन्हाने फिका पडणार नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरचा गेरू दीड हजार वर्षांनंतरही तांबडाच आहे. कारण असं, की गेरू ही माती आहे, लोखंडाचा गंज. त्याचे बारीक कण वस्तूवर बसतात, एकावर एक, ढिगाने. हळदीसारखा रंग विरघळतो, धाग्यात शिरतो आणि तिथे त्याचा एकेक रेणू सुटा उभा राहतो. रंग दिसतो तो रेणूतल्या विशिष्ट बंधांमुळे. प्रकाशाने, विशेषतः अतिनील किरणांनी, तो बंध तुटला की रेणू असतो, पण रंग नसतो. म्हणून अशा वेळी आपण ‘रंग उडाला’ म्हणतो. तो उडून कुठे जात नाही, जागच्या जागी मरतो.

मग गिटार बनवणारे गेरूसारखा पक्का रंग का वापरत नाहीत? कारण तो लाकूड झाकतो. लाकडाच्या रेषा, मेपलच्या अंगावरचे वाघासारखे पट्टे दिसायला हवे असतील तर विरघळणारा, पारदर्शक रंगच हवा. म्हणजे जे दाखवायचं त्यासाठीच कच्चेपणा पत्करायचा.

याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं. मिशिगनमधल्या कॅलामाझू गावात गिब्सन कंपनीने 1958 ते 1960 या काळात लेस पॉल नावाची गिटार एका नव्या रंगात काढली. मध्ये पिवळा, कडेला चेरीसारखा लाल, म्हणून तिला ‘सनबर्स्ट’ म्हणत. त्यातला लाल रंग कच्चा निघाला. दुकानाच्या काचेत टांगलेल्या गिटारींचा लाल काही काळातच उतरू लागला. कुठे मधासारखा रंग राहिला, कुठे चहासारखा, कुठे नुसता लिंबू पिवळा. 1960 मध्ये कंपनीने लाल बदलून अधिक टिकाऊ घेतला. त्या काळात त्या गिटारींना फारसा उठाव नव्हता आणि मॉडेल बंद झालं. आज त्याच उडालेल्या रंगाच्या गिटारींना लाखो डॉलर पडतात, आणि कंपनी नव्या गिटारी मुद्दाम उडालेल्या रंगात बनवून विकते. यावर फौजी माणसाने हसू नये. नवी कोरी बेरे मिळाल्यावर ती गरम पाण्यातून काढून, पिळून, ‘जुन्या माणसाची’ दिसावी म्हणून आम्ही काय काय केलं आहे ते आम्हालाच ठाऊक.

फेंडर कंपनीचंही असंच. 1958 साली त्यांनी आपल्या सनबर्स्टमध्ये लाल पट्टा घातला. पहिल्या वर्ष-दोन वर्षांतल्या कित्येक गिटारींवर तो आज शोधूनही सापडत नाही. त्यांच्या निळ्या गिटारी तर काही वर्षांनी हिरव्या दिसू लागल्या. तिथे निळा उडाला असं नव्हे. वरचा नायट्रोसेल्युलोजचा पारदर्शक थर, आपल्याकडचे पॉलिशवाले ज्याला ‘एनसी लॅकर’ म्हणतात तो, वयाने पिवळा पडला. निळ्यावर पिवळी काच धरली की हिरवं दिसणारच. याच कारणाने पांढऱ्या गिटारी सायीच्या रंगाच्या होतात.

आणि खाली लाकूड असतं, तेही स्वस्थ बसत नाही. कोकणात फणसाचा खांब नवा असताना पिवळाधमक असतो, आजोबांच्या घरातला तोच खांब तांबूस तपकिरी. ताजं कापलेलं सागवान डागाळलेलं, हिरवट दिसतं, मग प्रकाशात सोनेरी होतं. मेपल आणि स्प्रूससारखी फिकी लाकडं मधाळ होतात. अक्रोड उलटा चालतो. काश्मीरमधून आणलेली अक्रोडाची पेटी खिडकीत ठेवली तर काही वर्षांत उजळते. तेव्हा जुन्या गिटारीचा रंग ही तीन गोष्टींची बेरीज-वजाबाकी असते. रंग वजा होतो, लॅकरचा पिवळेपणा अधिक होतो, आणि लाकूड आपल्या जातीप्रमाणे वर किंवा खाली सरकतं.

आमची गिटार यांतल्या कोणत्याच श्रीमंत घराण्यातली नाही. देशी बनावटीची, प्लायवूडची, 1999 साली पुण्याच्या कॅम्पातून घेतलेली. एनडीएत सहाव्या टर्मला होतो. रविवारी लिबर्टीवर चौघे निघालो, चौघांनी पैसे घातले, आणि खडकवासल्याला परतताना बसमध्ये ती आळीपाळीने मांडीवर घेतली. मालक चार, पण वाजवता येणारा एकच. बाकी तिघांचं काम त्याच्या शेजारी बसून चुकीच्या पट्टीत गाण्याचं. आम्ही त्याला ‘वादक’ म्हणायचो. पासिंग आउटनंतर गिटार त्याच्याकडेच गेली, त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

2007 मध्ये तो एका ऑपरेशनमध्ये गेला. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. सामान आवरताना वहिनींनी गिटार माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “ही तुमची चौघांची आहे. माझ्या डोळ्यांसमोर आत्ता नको.” तेव्हापासून ती आमच्या ट्रंकांबरोबर फिरते आहे. सिकंदराबाद, तेजपूर, जोधपूर, अहिल्यानगर. घरात वाजवणारं कोणी नाही. पण पेटीत बंद ठेवायची नाही, भिंतीवर लावायची, हे आम्ही दोघांनी पहिल्याच घरी ठरवलं होतं. घरी कोर्समेट आले की त्यांची नजर आधी तिच्याकडे जावी, एवढाच उद्देश.

जोधपूरच्या क्वार्टरला पश्चिमेची मोठी खिडकी होती. तिथल्या तीन वर्षांत लाल रंगाने सर्वांत मोठी माघार घेतली. संग्रहालयांचा एक नियम आहे. जुनी वस्त्रं, जलरंगातली चित्रं अशा नाजूक वस्तूंवर 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू द्यायचा नाही. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात. म्हणजे उन्हातला एक तास हा साध्या हिशेबाने संग्रहालयातले 2000 तास. खिडकीची काच अतिनील किरणांतला थोडा भाग अडवते, सगळा नाही. शिवाय कच्च्या रंगाला साधा दिसणारा प्रकाशही पुरतो.

गिटार आता कडेला तपकिरी आणि मध्ये पिकल्या आंब्याच्या सालीसारखी आहे. दर्शनी भागावर एक तिरका गडद पट्टा दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काहीतरी सांडलं असावं. गळ्यात अडकवायचा कापडी पट्टा तिथून आडवा असायचा, त्याची ती सावली.

वादकाचा मुलगा आता जेएनयूत जर्मन शिकतो. आम्ही मुनिरक्यात आल्यापासून रविवारी जेवायला येतो. पहिल्याच रविवारी तो भिंतीसमोर उभा राहिला, मग खिशातून एक फोटो काढला. आईच्या अल्बममधला. मेसबाहेरची पायरी, वडील खाली मान घालून तारा लावताहेत. फोटोतली गिटार लालभडक होती.

“काका, ही तीच आहे का?”

मी ‘तीच’ म्हणालो, आणि माझ्या लक्षात आलं की नुसतं म्हणून भागणार नाही. या मुलाला वडील आठवत नाहीत. त्याच्याजवळ जे आहे ते फोटोत आहे, आणि फोटो सांगतोय की ही गिटार दुसरी आहे.

आता फोटोबद्दल. कागदावरचा रंगीत फोटो हाही विरघळणाऱ्या रंगांचाच खेळ असतो. त्यात तीन थर असतात. एक निळसर, एक पिवळा आणि एक किरमिजी, ज्याला छपाईवाले मॅजेंटाच म्हणतात. अल्बमच्या अंधारात पडून राहिलेल्या जुन्या प्रिंटमध्ये बहुधा निळसर थर आधी अशक्त होतो आणि सगळा फोटो तांबूस होतो. या फोटोत पायऱ्यासुद्धा गुलाबी दिसत होत्या. एनडीएतल्या पायऱ्या गुलाबी नव्हत्या. म्हणजे गिटार उन्हात पिवळी होत गेली होती आणि फोटो अंधारात लाल होत गेला होता. दोघेही एका जागेवरून निघून विरुद्ध दिशांना चालले होते, आणि मुलगा मध्ये उभा होता.

खरी साक्ष एकाच ठिकाणी मिळण्यासारखी होती. गिटारच्या भोकाशेजारी नखांचे ओरखडे पडू नयेत म्हणून काळ्या प्लास्टिकची एक पट्टी असते. आमच्या गिटारवर ती चार स्क्रूंनी बसवलेली होती. तारा सैल केल्या. स्क्रू गंजलेले होते, तिसऱ्याने वेळ घेतला. चौथा मुलानेच काढला आणि पट्टी उचलली.

खाली लाल होता. फोटोतल्यासारखा भडक नाही, कोकमाच्या सरबताइतका लाल. पट्टीच्या आकाराचा, कडा अगदी रेखीव. त्याने फोटो शेजारी धरला, मग बाजूला ठेवला. बोट लावू का विचारलं. मी म्हटलं, “तुझीच आहे.” नंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. बायकोने आतून वरण गरम करू का विचारलं, तेव्हा मी उठलो.

पुढचा प्रश्न त्यानेच काढला. सगळी परत अशी लाल करता येईल का? येईल. त्यात अवघड काही नाही. इथल्याच एका गल्लीत फर्निचरचं पॉलिश करणारा आहे, त्याला आम्ही दाखवली. त्याने अंगठ्याने पृष्ठभाग चाचपला आणि म्हणाला, “नई जैसी कर दूँगा, साहब.” जुना थर घासून काढायचा, स्पिरिटमधला रंग फवारायचा, वर पीयूचे तीन हात. पीयू पिवळंही लवकर पडत नाही. माणूस कसबी होता, सांगत होता ते खरं होतं.

मी मुलाला म्हटलं, निर्णय तुझा. दोन्ही बाजू सांगितल्या. गिटार ही वाजवायची वस्तू आहे, देव्हाऱ्यातली नाही, आणि वस्तूला डागडुजी लागतेच. एनडीएतल्या आमच्या जुन्या लाकडी बटाच्या रायफलींना अळशीचं तेल चोळलं जायचंच, म्हणून तर ते लाकूड टिकलं. माझं आजोळ मिरजेचं. तिथे सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि पाणी देणारी. तलवारींचं काम संपलं तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, त्यांनी वाद्यं हाती घेतली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ती मंडळी तुनाच्या लाकडावर आणि भोपळ्यावर चपडा लाखेचं पॉलिश चढवतात. लाख स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते, त्यामुळे जुन्या थरावर नवा हात बेमालूम बसतो, खालचं खरवडावं लागत नाही. आजीचा तंबोरा असा दोनदा पॉलिश होऊन आला होता, आणि एरवी कायम गवसणीत असायचा. त्याचा रंग शेवटपर्यंत दाट राहिला. पण आजी तो रोज काढून लावायची, हेही खरं.

मुलाने सगळं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी आला तेव्हा एकच विचारलं.

“घासली तर पट्टीखालचं लालही जाईल ना?”

“जाईल.”

“मग नको.”

मला जे शब्दांत पकडता येत नव्हतं ते त्याने एका वाक्यात संपवलं. नवा लाल रंग मिळाला असता, पण तो कोणत्याही दुकानातला असता. पट्टीखाली होता तो 1999 चा होता. आणि भोवतीचा पिवळा? तो जोधपूरचा, सिकंदराबादचा, त्याच्या वडिलांनंतरच्या सगळ्या वर्षांचा. ती वर्षं त्याच्याही वाट्याची होती. घासताना दोन्ही एकाच कागदाखाली गेली असती.

आम्ही पट्टी परत बसवली. स्क्रू तेवढे नवे घातले.

आता माझ्या निवृत्त वाचकांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात मेडल्सची चौकट खिडकीसमोर टांगलेली असते. मेडल धातूचं आहे, त्याला काही होत नाही. पण रिबिन रंगवलेली असते. कापडाचा रंग प्रकाशात किती टिकतो हे मोजायला गिरण्यांमध्ये ‘ब्लू वूल’ नावाची 1 ते 8 अशी पट्टी वापरतात. 1 म्हणजे सर्वांत कच्चा, 8 म्हणजे सर्वांत पक्का. आपल्या रिबिनीतला प्रत्येक पट्टा या मोजणीत एकाच अंकावर असेल असं नाही. त्यामुळे काही पट्टे आधी जातात, काही मागे राहतात, आणि वीस वर्षांनी नातवाला ती कोणत्या मोहिमेची रिबिन हे ओळखता येत नाही. चौकट उन्ह न पडणाऱ्या भिंतीवर लावा. जमलं तर रिबिनीचा एक तुकडा पाकिटात घालून कपाटात ठेवा. आणि चौकटीमागे पेनाने लिहून ठेवा, कोणतं मेडल, कोणतं वर्ष, कोणतं ठिकाण. शाई आणि कागद तुमच्या आठवणीपेक्षा जास्त टिकतील. फोटोंच्या मागेही लिहा. फोटोतले रंग बदलले तरी नावं बदलत नाहीत.

गिटार सध्या मुलाच्या खोलीवर आहे, आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. खोलीला एकच खिडकी आहे, तीही समोरच्या भिंतीकडे उघडते. राहिलेला रंग तिथे सहज टिकेल. त्याने रामा मार्केटमधून नव्या तारा आणल्या आहेत आणि वरच्या मजल्यावरचा एक मणिपुरी मुलगा त्याला शिकवतो. गेल्या रविवारी वाजवून दाखवलं. तीन सूर लागतात, चौथ्याला बोट पोचत नाही. वडिलांचंही सुरुवातीला तेच व्हायचं, असं मी त्याला सांगितलं. ते खरं आहे. आम्ही तिघे साक्षीदार आहोत.